जुन्या मोटारीचे इंजिन बेल्ट : केव्हा बदलावेत आणि का

जुनी मोटार विकत घेताना माणूस बरेच काही पाहतो. टायरची नक्षी, दाराखालचा गंज, सायलेन्सरचा धूर, मीटरवरचे किलोमीटर. इंजिन सुरू करून कान लावून आवाजही ऐकतो. मात्र ‘टायमिंग बेल्ट शेवटचा कधी बदलला?’ हा प्रश्न फार थोडे जण विचारतात, आणि विचारला तरी उत्तर बहुधा मिळत नाही. हा पट्टा प्लास्टिकच्या झाकणाआड असतो. तो जुना झाला म्हणून इंजिन कुरकुरत नाही. तुटेपर्यंत गाडी अगदी नीट चालते. तुटला की मात्र अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात, कधी पिस्टनलाही इजा होते. पंधरा-वीस वर्षे जुन्या लहान गाडीच्या बाबतीत ही दुरुस्ती गाडीच्या बाजारभावाला भिडू शकते, आणि चांगली चालणारी गाडी एका रबरी पट्ट्यापायी भंगारात जाते.

या पाठात आपण इंजिनावरील पट्टे कोणते, ते कशाने संपतात आणि जुन्या गाडीत ते किती अंतराने बदलावेत हे पाहू. चार-स्ट्रोक इंजिनाचे कार्य विद्यार्थ्यांना माहीत आहे असे गृहीत धरले आहे.

पट्ट्यांचे दोन प्रकार

बोलताना सगळ्यांनाच ‘बेल्ट’ म्हणतात, म्हणून आधी फरक स्पष्ट करू. इंजिनाच्या बाहेर, उघड्यावर दिसणारा पट्टा हा अॅक्सेसरी बेल्ट. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून तो अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि काही गाड्यांत वॉटर पंप फिरवतो. जुन्या मंडळींच्या तोंडी याला आजही फॅन बेल्ट म्हणतात, कारण पूर्वी रेडिएटरचा पंखा याच पट्ट्यावर फिरत असे. आता पंखा विजेवर चालतो, नाव मात्र राहिले. हा पट्टा घर्षणावर चालतो; थोडा घसरला तर आवाज करतो, पण मोठे नुकसान होत नाही.

दुसरा टायमिंग बेल्ट. याला आतून दाते असतात आणि तो घसरून चालतच नाही. क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची बरोबर एक फेरी, हे नाते त्याला कायम राखायचे असते. म्हणून कॅमच्या पुलीवर क्रँकच्या पुलीच्या दुप्पट दाते असतात. समजा क्रँकवर २० आणि कॅमवर ४० दाते आहेत. पट्टा एकच दाता पुढे-मागे झाला तर कॅम ३६० ÷ ४० म्हणजे ९ अंशांनी चुकतो, आणि क्रँकच्या हिशेबात ती चूक १८ अंशांची होते. एवढ्याने गाडीची ओढ जाते, ती हिसके देते, कधी सुरूच होत नाही. दोन-तीन दाते सुटले तर प्रकरण व्हॉल्व्ह आणि पिस्टनच्या टकरीपर्यंत जाऊ शकते.

ही टक्कर सगळ्याच इंजिनांत होत नाही. काही इंजिनांत पूर्ण उघडलेला व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन यांच्यामध्ये जागा उरते. तेथे पट्टा तुटला तर इंजिन फक्त बंद पडते. नवा पट्टा चढवून खुणा जुळवल्या की पुन्हा चालू. बाकीच्या इंजिनांत तीच जागा व्हॉल्व्ह आणि पिस्टन आळीपाळीने वापरतात. वेळ जुळलेली असेपर्यंत दोघे कधी भेटत नाहीत. पट्टा तुटला की कॅमशाफ्ट जागच्या जागी थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडेच राहतात, आणि गाडीच्या वेगाने अजून फिरणारा क्रँकशाफ्ट पिस्टन त्यांच्यावर आणून आदळतो. डिझेल इंजिनात संपीडन गुणोत्तर मोठे असल्यामुळे वरची जागा फारच थोडी असते, त्यामुळे डिझेल गाडीत टक्कर होणार असेच धरून चालावे. पेट्रोल गाडीत आपले इंजिन कोणत्या जातीचे हे मॅन्युअलवरून किंवा पट्टे बनवणाऱ्या कंपन्यांच्या याद्यांवरून कळते. त्या याद्यांत अशी इंजिने खुणेने दाखवलेली असतात.

आपल्या गाडीत पट्टा आहे की साखळी?

कॅमशाफ्ट फिरवण्याचे काम पूर्वी साखळीच करत असे. दातेरी रबरी पट्टा मोटारींत आला तो १९६० च्या दशकात. जर्मनीतील ग्लास कंपनीच्या १००४ या मोटारीने सुरुवात केली आणि १९६६ च्या फियाट १२४ स्पोर्टसारख्या गाड्यांनी तो रुळवला. पट्टा हलका, स्वस्त, कमी आवाजाचा, आणि त्याला तेल लागत नाही. त्याचे मोल एकच : तो ठराविक काळाने बदलावा लागतो.

भारतात अँबॅसडरच्या मूळ १४८९ सीसी पेट्रोल इंजिनात आणि प्रीमियर पद्मिनीत साखळी होती, त्यामुळे त्या पिढीच्या मालकांना आणि मिस्त्रींना ‘टायमिंगचा पट्टा बदलणे’ ही गोष्टच ठाऊक नव्हती. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० ने हा पट्टा घरोघरी पोहोचवला. तिचे ७९६ सीसी इंजिन पट्ट्याचे, तेच ओम्नीत. १९९८ साली आलेल्या होंडा सिटी, ह्युंदाई सँट्रो आणि डिझेल टाटा इंडिका याही पट्ट्याच्याच. पुढे वारा फिरला. मारुतीची के मालिकेतील इंजिने, फियाटकडून आलेले आणि स्विफ्टपासून इंडिका व्हिस्टापर्यंत अनेक गाड्यांत बसवलेले १.३ लिटर डिझेल, ह्युंदाईची कप्पा इंजिने ही साखळीची आहेत. उलट रेनो डस्टर, लोगान आणि निसान सनीमधील १.५ लिटर डिझेल पट्ट्याचे आहे.

गाडीच्या नावावरून अंदाज करू नये. ह्युंदाईच्या आय-१० मध्ये १.१ लिटर इंजिन पट्ट्याचे आणि १.२ लिटर साखळीचे, आणि दोन्ही गाड्या बाहेरून सारख्याच. पहिल्या स्विफ्टचे १.३ लिटर पेट्रोल पट्ट्याचे, नंतरचे १.२ लिटर साखळीचे. इंजिनाचा कोड पाहूनच ठरवावे. साखळी असली म्हणजे जन्मभराची निश्चिंती असेही नाही. तेल वेळेवर बदलले नाही तर साखळी ताणते, तिचा टेन्शनर मरतो, आणि सकाळी सुरू करताना पहिले काही सेकंद खडखड ऐकू येते. तिला बदलण्याचा ठराविक काळ नसतो, एवढाच फरक.

एक तिसरा प्रकारही आता जुन्या गाड्यांत जमा होऊ लागला आहे. फोर्ड इकोस्पोर्टच्या १.० लिटर टर्बो पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट तेलात भिजूनच फिरतो. त्याचे रबर त्या तेलासाठी बनवलेले असते. चुकीच्या प्रतीचे तेल घातले किंवा तेच तेल फार काळ ठेवले तर रबर मऊ पडते, त्याचे कण तेलाच्या जाळीत अडकतात आणि तेलाचा दाब पडतो. अशा गाडीत ‘तेल म्हणजे तेल, कुठलेही चालते’ हे धोरण महागात पडते.

किलोमीटर, फेऱ्या आणि वर्षे

मॅन्युअलमध्ये पट्ट्याचे आयुष्य दोन आकड्यांत दिलेले असते, इतके किलोमीटर किंवा इतकी वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. लोक पहिला आकडा लक्षात ठेवतात आणि दुसरा विसरतात. जुन्या गाडीत नेमका दुसराच महत्त्वाचा असतो. का, ते हिशेबाने पाहू.

महामार्गावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी एक गाडी घ्या. इंजिन मिनिटाला २,५०० फेऱ्या घेते असे धरू. एक किलोमीटरला एक मिनिट, म्हणजे किलोमीटरमागे २,५०० फेऱ्या. ६०,००० किलोमीटरमध्ये १५ कोटी फेऱ्या झाल्या. आता तीच गाडी शहरात न्या. सिग्नल, कोंडी धरून सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर, इंजिनाच्या फेऱ्या सरासरी १,५००. एका किलोमीटरला चार मिनिटे लागतात, म्हणजे किलोमीटरमागे ६,००० फेऱ्या. ६०,००० किलोमीटरला ३६ कोटी. मीटर सारखेच दाखवते, पट्टा मात्र जवळजवळ अडीचपट फिरलेला असतो. गाडी उभी ठेवून, एसी लावून तासभर इंजिन चालू ठेवले तर ८०० फेऱ्यांच्या आयडलवर इंजिनाच्या ४८,००० फेऱ्या होतात आणि मीटर हलतही नाही. रिकाम्या इंजिनाचा भार कमी असतो, म्हणून हा हिशेब जशाच्या तशा आयुष्याला लावता येत नाही. पण मुंबई, बंगळुरू किंवा दिल्लीच्या कोंडीत चालणाऱ्या गाडीसाठी किलोमीटरचा आकडा खाली आणायला हवा एवढे त्यातून दिसते.

आता उलट टोक. निवृत्त गृहस्थांची गाडी वर्षाला ४,००० किलोमीटर चालते. ६०,००० गाठायला तिला १५ वर्षे लागतील. पट्टा तेवढा थांबत नाही. टायमिंग बेल्टच्या पोटात काचतंतूंच्या दोऱ्या असतात, त्यांच्याभोवती रबर आणि दात्यांवर नायलॉनचे कापड. जुन्या पट्ट्यांत क्लोरोप्रीन रबर असे. नंतर उष्णता अधिक सोसणारे हायड्रोजनेटेड नायट्राइल रबर आले. दोन्ही रबरे उष्णतेने आणि हवेतील ओझोनने हळूहळू कडक होतात. तापमान दर १० अंशांनी वाढले की रासायनिक झीज साधारण दुप्पट होते, असा रसायनशास्त्रातला ढोबळ ठोकताळा आहे. उन्हाळ्यात बॉनेटखाली काय होत असेल याची त्यावरून कल्पना यावी. शिवाय दिवसेंदिवस उभ्या गाडीत पट्टा पुलीवर एकाच जागी वाकलेला राहतो. ‘गाडी फारशी चाललेलीच नाही’ हे वाक्य विक्रीच्या जाहिरातीत छान दिसते. पट्ट्याच्या दृष्टीने ते धोक्याची सूचना आहे.

मग आकडा कोणता? मॅन्युअल असेल तर त्याचाच, वर्षांसकट. मॅन्युअल नसेल तर मी विद्यार्थ्यांना असे सांगतो : १९८० आणि ९० च्या दशकांतील रचनेच्या इंजिनांत ६०,००० किलोमीटर किंवा चार ते पाच वर्षे, २००० नंतरच्या इंजिनांत ८०,००० ते १ लाख किलोमीटर किंवा पाच ते सहा वर्षे. कंपनीने याहून मोठा आकडा दिला असला तरी तो नव्या गाडीचा, नव्या टेन्शनरचा आणि कोरड्या सीलचा आकडा असतो. गाडी दहा वर्षांपुढे गेली की तो एक-पंचमांशाने कमी करणे मला योग्य वाटते. हे माझे मत आहे, नियम नव्हे; पण किटची किंमत आणि हेड उतरवण्याचा खर्च शेजारी ठेवून पाहिले तर ते कंजूषपणाच्याही बाजूचे आहे.

तपासून कळते का?

थोडेसे. बऱ्याच गाड्यांत वरचे झाकण चार-सहा बोल्ट काढले की निघते. दात्यांच्या मुळाशी भेगा, कडेने निघालेले सूत, तुटलेला दाता, पाठीवरची काचेसारखी चमक, तेलाचा ओलावा यांपैकी एकही गोष्ट दिसली तर पट्टा बदलायचा; किलोमीटर विचारायचे नाहीत. पण काहीच दिसले नाही म्हणून पट्टा ठीक, असा निष्कर्ष काढता येत नाही. भार दोऱ्यांवर असतो आणि त्या रबराच्या आत आहेत. कार्यशाळेत तुटलेला पट्टा हातात दिला की मुले आधी हेच म्हणतात, की तुटलेली जागा सोडली तर हा नवाच दिसतो.

तेलाबद्दल थोडे अधिक. जुन्या गाडीत क्रँकशाफ्टच्या किंवा कॅमशाफ्टच्या पुढच्या सीलमधून तेल झिरपते आणि पट्ट्यावर उडते. तेलात भिजण्यासाठी न बनवलेले रबर फुगते, दाते सैल होऊन सुटतात. असा पट्टा सहा महिन्यांपूर्वी टाकलेला असला तरी तो गेला असेच समजावे, आणि आधी सील बदलावे. राजस्थानसारख्या धुळीच्या भागात झाकण फुटलेले असेल तर वाळू पुलीच्या दात्यांत बसून पट्टा घासते. ते झाकण ‘उगीच अडचण’ म्हणून काढून टाकलेले अनेक जुन्या गाड्यांत सापडते.

पट्टा एकटा बदलू नये

टायमिंग बेल्टला ताण देणारा टेन्शनर आणि त्याला वळण देणारी आयडलर पुली या बेअरिंगवर फिरतात. पट्टा नवा आणि बेअरिंग जुने, अशी जोडी बसवली तर बेअरिंग मध्येच जाम होते आणि नव्या पट्ट्याला खाते. जेथे वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच फिरतो, उदाहरणार्थ डस्टरचे १.५ लिटर डिझेल, तेथे पंपही त्याच वेळी बदलावा. पुढे वर्षभरात पंप गळू लागला तर सगळे काम पुन्हा उघडावे लागते, आणि या कामात सुट्या भागांइतकीच, कधी जास्तही, मजुरी असते.

बसवताना तीन गोष्टींवर मी अडून बसतो. पट्टा हातात घेऊन तीव्र मोडू किंवा उलटा वळवू नये. काचतंतू तेथेच तडकतात आणि बाहेरून काही दिसत नाही. पट्टा पुलीवर स्क्रूड्रायव्हरने ढकलून चढवू नये; टेन्शनर सैल करूनच चढवावा. आणि खुणा जुळवून ताण दिल्यावर क्रँकशाफ्ट पाना लावून हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवावा, मग खुणा पुन्हा पाहाव्यात. हाताला कोठे कडक थांबा लागला तर जोर न करता तेथेच थांबावे. तो व्हॉल्व्ह असू शकतो. स्टार्टर मारून ‘बघू या लागतो का’ ही पद्धत येथे चालत नाही.

बाहेरचे पट्टे

येथे परिस्थिती सोपी आहे, कारण पट्टा दिसतो आणि बोलतोही. जुन्या गाड्यांत व्ही आकाराचा पट्टा असतो, नंतरच्या गाड्यांत उभ्या धारा असलेला चपटा. चपट्या पट्ट्यावर ४पीके ८७० असे काही छापलेले असते : चार धारा आणि ८७० मिलिमीटर लांबी. दुकानात गाडीचे नाव सांगण्याबरोबर हा आकडाही सांगावा, कारण त्याच गाडीच्या एसी असलेल्या आणि नसलेल्या आवृत्तीत लांबी वेगळी असू शकते.

व्ही पट्टा ४०,००० किलोमीटर किंवा तीन-चार वर्षांनी आणि धारांचा पट्टा ६०,००० ते ८०,००० किलोमीटर किंवा पाच वर्षांनी बदलावा. दर सर्व्हिसला पाहावा. जुन्या क्लोरोप्रीन पट्ट्यात भेगा मोजत असत. तीन इंचांत तीन-चार दिसल्या की पट्टा काढायचा. आताचे ईपीडीएम रबराचे पट्टे सहसा भेगाळत नाहीत. टायरसारखे ते झिजतात, धारांमधली खाच रुंद आणि खोल होत जाते, आणि पट्टा पुलीच्या तळाला टेकून घसरू लागतो. त्यामुळे ‘भेग नाही, म्हणजे चांगला’ हा जुना नियम या पट्ट्यांना लावू नये. ताण पाहण्यासाठी दोन पुलींमधल्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने सुमारे १० किलोचा दाब द्यावा. व्ही पट्टा साधारण ८ ते १० मिलिमीटर दबावा. फार ताणला तर अल्टरनेटरचे बेअरिंग जाते. पावसाळ्यात सकाळी चीं-चीं ऐकू आली की पट्ट्यावर स्प्रे मारून गप्प करण्याची सवय आहे. आवाज आठवडाभर जातो, पट्टा तसाच राहतो.

हा पट्टा तुटला तर काय होते, हे तो काय फिरवतो यावर अवलंबून आहे. मारुती ८०० मध्ये वॉटर पंप याच पट्ट्यावर आहे. चार्जिंगचा लाल दिवा लागलेला असताना ‘गावी पोचू, मग बघू’ म्हणत घाट चढत राहिलात तर काही मिनिटांत पाणी उकळते, हेड गॅस्केट जाते, हेड वाकते. काही जुन्या डिझेल गाड्यांत ब्रेकचा व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे जोडलेला असतो; पट्टा गेला की दोन-तीन वेळा दाबल्यावर ब्रेक दगडासारखे कडक होतात. उतारावर ही गोष्ट ठाऊक असणे आणि नसणे यात फार अंतर आहे. ब्रेक गेलेले नसतात, फक्त साहाय्य गेलेले असते. पूर्ण जोर देऊन दाबावे, खालचा गिअर टाकावा आणि गाडी कडेला घ्यावी.

जुनी गाडी हाती आल्यावर

पट्टा बदलल्याचे बिल, त्यावर तारीख आणि किलोमीटर, असे काही मिळाले तर तेथून पुढे मोजावे. न मिळाले तर पट्टा बदललेलाच नाही असे धरावे आणि गाडी घरी आणल्याच्या पहिल्या महिन्यात काम करून घ्यावे. ‘मागच्या मालकाने केले असेल’ याला नोंद म्हणत नाहीत. पंधरा वर्षांनंतर नोंदणीच्या नूतनीकरणासाठी होणाऱ्या तपासणीत टायमिंगचे झाकण उघडून कोणी पाहत नाही, तेव्हा गाडी तपासणीत पास झाली याचा येथे काही उपयोग नाही. नवा पट्टा घेताना वेष्टनावरची आणि पट्ट्यावर छापलेली तारीख पाहावी, जुन्या पट्ट्याशी दाते मोजून जुळवावेत, आणि बाजारभावापेक्षा फारच स्वस्त मिळत असेल तर सोडून द्यावा. काम झाल्यावर बॉनेटच्या आतल्या बाजूला तारीख आणि किलोमीटर लिहिलेला स्टिकर लावावा. पुढच्या मिस्त्रीला आणि पुढच्या मालकाला दुसरा पुरावा नसतो.

आणि रस्त्यात, चालत्या गाडीत इंजिन एकाएकी बंद पडले, पुन्हा किल्ली फिरवल्यावर स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, भरभर, दम न लागल्यासारखा फिरू लागला, तर हात काढून घ्यावा. कॉम्प्रेशन गेल्याची ती खूण आहे, आणि बहुधा टायमिंग बेल्ट तुटलेला आहे. पुन्हा किल्ली मारू नये, धक्का देऊन सुरू करण्याचाही प्रयत्न करू नये. एखाद-दुसरा व्हॉल्व्ह वाचला असेल तर तोही त्यात जातो. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी दुसऱ्या वाहनाने ओढून न्यावी.